वजनखोलीतली हवा

कारखान्यात त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसातला नव्हे, हवेवर पहारा ठेवणारा म्हणून हवालदार. ज्या फिटरने हे नाव ठेवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नव्याने कामाला लागलेली माणसं त्याला खऱ्या हवालदारासारखा सलाम ठोकत आणि तोही मिशीतल्या मिशीत हसून तो घेत असे.

कारखाना कॅन्सरच्या औषधांचा होता. पहिल्या मजल्यावर, लांब पांढऱ्या बोळाच्या एका टोकाला वजनखोली होती. तिथे औषधाची कोरडी पूड डब्यांतून काढून ग्रॅमवर तोलत. आजारी माणसाला तारणारी ही पूड धडधाकट माणसाच्या अंगात गेली तर बाधते. म्हणून त्या खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्या बोळापेक्षा कायम कमी ठेवावा लागे. दार उघडलं तरी हवा बोळातून आत ओढली जावी, आतली बाहेर पडू नये. आतली हवा ओढून घ्यायला गच्चीवर एक मोठा पंखा होता आणि पंख्याच्या आधी पूड अडवणारा जाडजूड फिल्टर. खोलीबाहेर भिंतीवर काटा असलेली तबकडी होती. काटा उणे वीसवर असला की हवालदाराच्या जिवाला स्वस्थता.

"हवा पाण्यासारखीच असते," तो नव्या माणसाला समजावून सांगे. "उताराकडे धावते. आपण फक्त उतार आतल्या बाजूला ठेवायचा. उणे वीस पास्कल."

"पास्कल म्हणजे किती हो?"

मग तो खिशातून एक कोरा कागद काढून टेबलावर टाकी. "या कागदाचा टेबलावर जेवढा भार पडला ना, जवळजवळ तेवढा. असे वीस कागद. वीस कागदांवर आपला सगळ्यांचा जीव आहे, बाबांनो. तेव्हा दार लावत जा!"

दार हा त्याचा जपच झाला होता. कोणी दार अर्धवट ठेवून गेला की बोळाच्या दुसऱ्या टोकाहून आरोळी यायची. घरी सुद्धा तो उठून उठून दारं लावत फिरे. त्याची बायको वैतागायची. "अहो, हे स्वयंपाकघर आहे. जाऊ द्या की जरा वाफ बाहेर."

त्याच्या बापाचं विजेच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळायचं दुकान होतं. हवालदार सोळा वर्षांचा असताना बाप गेला आणि वर्षभरात आईही गेली. मागे राहिला तो आणि चार वर्षांची बहीण. दुकान त्याला चालवता आलं नाही. बर्फाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि तिथेच पंखे, पट्टे, बेअरिंग शिकला. सकाळी कामावर जाण्याआधी तो बहिणीची वेणी घालायचा. एक वेणी कानावर, दुसरी मानेवर, अशा थाटात ती शाळेत जायची आणि कोणी हसलं तर सांगायची, "माझ्या दादाने घातलीय." घरात तिला धाकटी म्हणत. छत्तीस वर्षांची झाली तरी ती धाकटीच होती. तिचं लग्न त्यानेच करून दिलं. नवरा मालाची गाडी चालवायचा, स्वभावाने गरीब. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मग हळूहळू तो विषयच कोणी काढेनासं झालं.

धाकटीला कारखान्यात चिकटवलं तेही त्यानेच. बोळाच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांची खोली होती. धुऊन आलेले झगे, टोप्या, पायमोजे यांच्या घड्या घालायच्या, आत जाणाऱ्यांना द्यायच्या, वापरलेले टोपलीत गोळा करायचे. काम हलकं आणि बसून करण्याजोगं. शिवाय आपल्या नजरेसमोर राहील, असा त्याचा हिशेब.

कारखान्यात त्याला बावीस वर्षं झाली होती. इमारतीतल्या पत्र्याच्या हवानळ्या बसवताना त्याने स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या होत्या. काट्याच्या नोंदीचं रजिस्टर तो मोत्यांसारख्या अक्षरात लिही. पाळीत तीनदा जायचं, काटा बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची.

एका सोमवारी काटा उणे चौदावर दिसला.

गच्चीवरचा पंखा ठीक होता, पट्टाही ताठ होता. फिल्टर चोंदला होता. हवा ओढलीच जात नव्हती, म्हणून खोलीतला दाब चढत चालला होता. नवा फिल्टर स्टोअरमध्ये येऊन पडलेला होता. पण तो बदलायचा म्हणजे खोली पुसून काढायची, पूड बाहेर न सांडता जुना फिल्टर पिशवीत बांधायचा, नवा बसवायचा, मग चाचणी करायची. दीड दिवसाचं काम. हवालदार उत्पादनाच्या साहेबांकडे गेला. साहेब वयाने त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस अदबीने बोलणारा, पण डोळे कायम कॉम्प्युटरवर.

"आज खोली बंद?" साहेब म्हणाले. "हवालदार, ही ऑर्डर कुठे चालली आहे ते माहीत आहे ना? दवाखान्यांतलं औषध संपलंय. माणसं खुर्चीत बसून वाट बघताहेत. त्यांना काय सांगू? आमची हवा बिघडली आहे, जरा थांबा?"

ती माणसं हवालदाराने कधी पाहिली नव्हती, पण ती आहेत हे काही खोटं नव्हतं.

"किती दिवस ढकलायचं?" त्याने विचारलं.

"चार. फार तर पाच. तोवर काहीतरी करा. तुमच्या हाताला गुण आहे."

त्याने केलंही. खोलीत हवा सोडणाऱ्या नळीची झडप थोडी आवळली. जाणारी हवा कमी झालीय, तर येणारीही कमी करायची. काटा उणे सतरावर आला. बुधवारी तो पुन्हा उणे नऊवर चढला. झडप आणखी आवळली तर आत काम करणाऱ्यांचा जीव गुदमरला असता. शुक्रवारी काटा उणे तीनवर होता आणि भोंगा वाजायला लागला.

साहेब स्वतः बोळात आले. "हा भोंगा जरा आवरा."

"आवरा म्हणजे?"

"आवरा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको."

"आणि रजिस्टरमध्ये काय लिहू?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "इतकी वर्षं लिहिताय. नेहमी काय लिहिता?" असं म्हणून ते निघून गेले.

भोंगा किती वेळाने वाजावा ती वेळ पुढे ढकलायचा पासवर्ड फक्त हवालदाराकडे होता. त्याने तो घातला. मग रजिस्टर उघडून 'उणे अठरा' लिहिलं. खोटं लिहिताना अक्षर बिघडेल असं त्याला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. नेहमीसारखंच सुबक अक्षर आलं आणि खाली नेहमीसारखीच सही.

आणखी दोन दिवसांची तर गोष्ट आहे, असं म्हणत त्याने मनाची समजूत घातली. वजनखोली आणि बोळ यांच्या मध्ये एक छोटी खोली होती, म्हणजे पूड बाहेर यायला दोन दारं ओलांडावी लागणार. आतली माणसं तर नखशिखांत झाकलेली. शनिवारी काटा शून्यावर आला. रविवारी कारखाना चालूच होता. सातव्या दिवशी काटा शून्याच्या पलीकडे गेला. अधिक दोन.

त्या दिवशी सकाळी बोळात कोणी नाही असं बघून त्याने पातळ कागदाची पट्टी फाडली आणि बोळाकडच्या दाराच्या फटीपाशी, खाली बसून धरली. बावीस वर्षांत ही पट्टी नेहमी दाराकडे ओढली गेली होती. आज ती त्याच्या अंगाकडे फडफडली. त्याने हात बदलून पाहिला, श्वास रोखून पाहिला. पट्टी त्याच्याच दिशेने हलत राहिली. त्याने वर मान केली. बोळाच्या टोकाला कपड्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि धाकटी टेबलापाशी उभी राहून झग्यांच्या घड्या घालत होती.

तो उठून तिच्याकडे गेला.

"धाकटे, मास्क लाव."

"इथे? अरे, इथे धुतलेले कपडे असतात."

"लाव म्हटलं ना."

तिने हातातला झगा खाली ठेवला. "काय रे, काही झालंय का?"

पुढे अनेकदा त्याने तो क्षण मनात पुन्हा उभा केला. बोळात दोघंच होती. तिने सरळ प्रश्न विचारला होता. 'पिशवी उचल आणि घरी जा,' एवढे पाच शब्द बोलले की झालं असतं.

"काही नाही," तो म्हणाला. "सर्दीची साथ आहे."

ती हसली. टोपलीतून एक मास्क काढून तिने लावला आणि थोड्याच वेळात हनुवटीवर ओढला. "मळमळतं रे याने. आतच कोंडल्यासारखं होतं."

"सकाळी उपाशी येत जाऊ नकोस. काहीतरी खाऊन येत जा," असं बजावून तो परत आपल्या जागी गेला.

नवव्या दिवशी ऑर्डर गेली. दहाव्या दिवशी खोली बंद करून त्याने फिल्टर बदलला. काटा उणे एकवीसवर जाऊन बसला. भोंग्याची वेळ पूर्ववत केली, झडप सैल केली, आणि जिन्यात बसून तो पोटभर पाणी प्याला. सुटलो, असं त्याला मनापासून वाटलं. साहेबांनी येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, दुपारच्या सुट्टीत, धाकटी कपड्यांच्या खोलीत कोसळली. कारखान्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. हवालदार गच्चीवर असल्यामुळे त्याला तासाभराने कळलं. तो पोचला तेव्हा त्याची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. मेहुणा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"काय झालं?"

बायकोने त्याला शेजारी बसवलं. "पोटात होतं तिच्या. तिसरा महिना संपत आला होता. गेलं."

त्याला आधी वाक्यच कळलं नाही. मग तो म्हणाला, "मला कसं नाही सांगितलं?"

"तिसरा संपला की सांगणार होती. मला शपथ घातली होती." बायकोने डोळे पुसले. "पोटुशी बाईला त्या मजल्यावर ठेवत नाहीत ना? दुसरीकडे जागा नाही, म्हणजे घरीच बसायचं. म्हणाली, दादा नियमाला पक्का आहे. त्याला कळलं तर उद्याच्या उद्या मला तिथून काढेल."

जरा वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पहिल्या तीन महिन्यांत असं बऱ्याच जणींचं होतं, त्या म्हणाल्या. कारण नक्की सांगता येत नाही. कोणी स्वतःला दोष देऊ नये.

त्या वळल्या तेव्हा तो उठून त्यांच्या मागे गेला. "बाई, हवेमुळे होऊ शकतं का?"

"कसली हवा?" त्यांनी विचारलं.

मेहुणा मान वळवून त्याच्याकडे बघत होता. हवालदार म्हणाला, "काही नाही. सहज विचारलं."

दुसऱ्यांदा तो तेच दोन शब्द बोलला होता. तीन आठवडे त्याला अन्न गोड लागलं नाही. कामावर तो जात होता, काटा बघत होता, खरे आकडे लिहीत होता. ते आकडे आता अगदी नमुनेदार होते. धाकटी घरी पडून होती. तो रोज संध्याकाळी तिच्या उशाशी जाऊन बसे, फळं कापून देई. ती म्हणे, "दादा, तू कशाला एवढा मनाला लावून घेतोस?" तेव्हा त्याच्या हातातली सुरी थांबायची.

शेवटी एका सकाळी रजा टाकून तो कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेला. बहिणीला सांगण्यापेक्षा परक्याला सांगणं सोपं होतं, हे त्याचं त्यालाही कळत होतं. तिथल्या अधिकारी बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. नऊ दिवसांचा एकेक आकडा त्याला तोंडपाठ होता.

"हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून देताय, कळतंय ना?" त्या म्हणाल्या. "रजिस्टरवर सही तुमची आहे. साहेबांच्या हातचं काही आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"तोंडी होतं सगळं?"

"तोंडी सुद्धा अर्धवटच होतं, बाई. उरलेलं मी समजून घेतलं."

पुढच्या आठवड्यात बाई माणसं घेऊन कारखान्यात आल्या. कपड्यांच्या खोलीत सात ठिकाणी ओले बोळे फिरवून त्यांनी नमुने घेतले. त्यांतल्या तीन ठिकाणी औषध सापडलं: फळीवर, दाराच्या मुठीवर आणि वापरलेल्या कपड्यांच्या टोपलीच्या कडीवर. पूड बोळ ओलांडून गेली होती, हे सिद्ध झालं. ती त्या नऊ दिवसांतच गेली, की टोपलीतल्या झग्यांवरून आधीपासूनच थोडी थोडी जात होती, हे कोणी सांगू शकलं नाही. आणि मूल कशाने गेलं, हे तर त्याहून नाही.

अधिकारी बाई जबाब घ्यायला धाकटीच्या घरी गेल्या. तिला सगळं त्यांच्याकडून कळलं.

रविवारी दुपारी ती दादाच्या घरी आली. चप्पल न काढता उंबऱ्याच्या आत उभी राहिली. वहिनीने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"खरं आहे, दादा?"

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

"मला मास्क लाव म्हणालास तो कितवा?"

"सातवा."

"म्हणजे तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"सर्दीची साथ म्हणालास."

बायकोला ते बघवलं नाही. ती मध्ये पडली. "अगं, त्यांना तरी कुठे माहीत होतं तुझ्या पोटातलं? तूही लपवलंसच की."

"लपवलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं मी बघेन, वहिनी. जन्मभर बघेन. पोटात काही नसतं, तर चाललं असतं का? मी याला विचारतेय." मग भावाकडे वळून ती म्हणाली, "बोळाच्या त्या टोकाला कोणीही असतं तरी तू त्याला सांगायला हवं होतंस. मी तर तुझी बहीण होते."

ती निघून गेली. दार उघडंच राहिलं, आणि ते लावायला तो उठला नाही.

चौकशी चार महिने चालली. मी असा कुठलाही हुकूम दिला नाही, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं, आणि कागदोपत्री ते खरंच होतं. त्यांची बदली दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात झाली, म्हणे वरच्या जागेवर. धाकटीलाही बोलावलं होतं. 'भावाने तुम्हाला मास्क लावायला सांगितलं होतं का?' असं तिला विचारण्यात आलं. बचावाला उपयोगी पडेल म्हणून युनियनच्या वकिलानेच तो प्रश्न काढला होता. ती म्हणाली, "सांगितलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं." त्या एका वाक्यावर सगळं संपलं. खोट्या नोंदी केल्याबद्दल हवालदाराला कामावरून काढलं. त्याने वर दाद मागितली नाही. मजल्यावरच्या सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. दोघांच्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, त्यांना दुसरीकडे हलवलं आणि वर्षभरात ते सावरले. कारखान्याने गच्चीवर जोडीला दुसरा फिल्टर आणि पंखा बसवला. भोंगा आता कोणालाच आवरता येत नाही.

तो दुकानांतले कूलर आणि पंखे दुरुस्त करत फिरू लागला. त्याला हवालदार म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. धाकटीनेही ती नोकरी सोडली आणि एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात लागली. तिचा फोन यायचा, पण तो वहिनीला. चुकून त्याने उचलला तर ती म्हणायची, "वहिनीला दे." तोही निमूटपणे देत असे. अशी दोन वर्षं गेली.

मग एकदा फोन त्यानेच उचलला आणि नेहमीप्रमाणे बायकोला हाक मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. तुझ्याशीच काम आहे. आमच्या धुलाईघरात डोळे चुरचुरतात सगळ्यांचे. सुपरवायझर म्हणतो नवीन साबण आहे, सवय होईल. तू येऊन बघशील?"

तो दुसऱ्याच दिवशी गेला. मोठ्या यंत्रांमध्ये पंधरा-वीस बाया चादरी पिळून काढत होत्या. छताजवळ जाळी होती. शिडी लावून त्याने जाळीपाशी तळहात धरला, मग आणखी वर चढून जाळीमागचा पंखा पाहिला. दुरुस्तीनंतर कोणीतरी वायरी उलट जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता, त्यामुळे औषधी साबणाची वाफ बाहेर जायच्या ऐवजी खोलीतच कोंडत होती.

त्याने तसं सांगितल्यावर सुपरवायझर म्हणाला, "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला सांगतो. तोवर चालू दे काम. वॉर्डात चादरी नाहीत."

हवालदार शिडीवरून उतरला. आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पंखा उलटा आहे. ही वाफ तुमच्या छातीत जातेय. तो सुलट होईपर्यंत इथे कोणी थांबू नका."

सुपरवायझर त्याच्या अंगावर धावून आला, हा कोण टिकोजीराव म्हणून ओरडू लागला. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने पदराला हात पुसले आणि ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. तिच्या मागून दुसरी गेली. धाकटी सगळ्यांत शेवटी निघाली. तासाभरात इलेक्ट्रिशियन आला.

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. तिच्या कानांजवळचे केस पांढरे झालेले त्याने पहिल्यांदाच पाहिले.

"धाकटे," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "आत्ता नको, दादा. मला आत जायचंय." मग तिने हाताने रस्ता दाखवला. "डावीकडून जा. तिकडून बस लवकर मिळते."

तो डावीकडे वळला. ती फाटकातून आत गेली, तेव्हा यंत्रं पुन्हा सुरू झाली होती.